दिवे लागतात, मग गाडी चालू का होत नाही?

गाडी चालू होत नाही म्हणून मेकॅनिकला फोन करणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्या वाक्यातच एक निर्वाळा देऊन मोकळा होतो: "बॅटरी चांगली आहे, दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे दुसरंच काहीतरी असणार." हा निर्वाळा ऐकायला तर्कशुद्ध वाटतो, पण पुष्कळदा तोच चुकीचा असतो. गाडीत वीज आहे एवढेच दिव्यांवरून कळते. ती मागितल्यावर किती मिळेल, हे दिवे सांगत नाहीत. या एका फरकाभोवती इतके गैरसमज साठलेले आहेत की सुरुवात तिथूनच करणे बरे.

हेडलाइटमधले साधे हॅलोजन दिवे प्रत्येकी सुमारे ५५ वॉटचे असतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ते दोन्ही मिळून साधारण ९ अँपिअर प्रवाह घेतात. डॅशबोर्डवरच्या खुणा आणि छताचा छोटा दिवा यांचे तर त्याहूनही कितीतरी कमी विजेवर भागते. याउलट, लहान पेट्रोल गाडीचे इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर १०० ते २०० अँपिअर खेचते आणि डिझेल इंजिनाला त्याच्या दुप्पटही लागू शकतात. दिवे लावणे आणि इंजिन फिरवणे या दोन कामांत अशी दहा-वीस पटींची तफावत आहे, आणि पहिले काम करू शकणारी बॅटरी दुसरे करू शकेलच असे मानायला काही आधार नाही.

जुन्या इमारतीतल्या गंजलेल्या लोखंडी पाइपचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे लवकर पटेल. नळ बंद असताना पाइपवर दाबमापक लावला तर तो गच्चीवरच्या टाकीचा पूर्ण दाब दाखवतो. नळ किलकिला केला तर एक पेला भरण्यापुरती धार येते. पण नळ पूर्ण सोडून बादली भरायला गेले की धार करंगळीएवढी होते, कारण पाइप आतून बुजत आलेला असतो. बॅटरीच्या बाबतीत व्होल्टेज म्हणजे तो दाब आणि अँपिअर म्हणजे ती धार. बॅटरी जुनी झाली, किंवा तिच्या टर्मिनलवर गंज चढला, की मार्गात अवरोध तयार होतो. समजा हा अवरोध अवघा ०.०२ ओहम आहे. ९ अँपिअर घेणाऱ्या दिव्यांसाठी त्यात ०.१८ व्होल्ट खर्ची पडतात, जे डोळ्यांना जाणवतही नाहीत. पण स्टार्टर १५० अँपिअर मागू लागला की त्याच अवरोधात ३ व्होल्ट गडप होतात आणि मोटरच्या वाट्याला येणारी वीज तिला फिरवायला अपुरी पडते. दोष तोच आहे. दिव्यांना तो दिसत नाही, स्टार्टरला मात्र तो नडतो.

बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. एखादा कप्पा आतून शॉर्ट झाला तर साडेदहा व्होल्ट उरतात, ज्यावर दिवे थोडे मंद पण लागतात आणि स्टार्टर मात्र ढिम्म राहतो. काही बॅटऱ्यांवर हिरवा ठिपका दाखवणारी एक काचेची खिडकी असते. तिच्यावर विसंबून राहू नये, असे माझे मत आहे, कारण ती सहापैकी एकाच कप्प्यातल्या आम्लाची घनता दाखवते. उरलेल्या पाचांबद्दल ती मूक असते.

गॅरेजच्या भाषेत या सगळ्याला एक छोटा शब्द आहे: "सेल्फ". सेल्फ लागत नाही, सेल्फ घेतो पण गाडी पकडत नाही, सेल्फ घासतो. हा "सेल्फ-स्टार्टर"मधला पहिला अर्धा भाग आहे. पूर्वी इंजिन फिरवण्यासाठी पुढून लोखंडी हँडल घालून हाताने झटका द्यावा लागे, आणि ते हँडल उलटे फिरले की मनगट मोडण्याची भीती असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला आणि गाडी "स्वतःहून" चालू होऊ लागली. आपल्याकडे जुन्या जीप आणि अँबॅसिडरमध्ये हँडलसाठी भोक ठेवलेले असे, त्यामुळे साठी ओलांडलेल्या वाचकांना सेल्फशिवाय गाडी चालू करण्याची कसरत आठवत असेल. शब्दाचा हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की सेल्फचे काम आणि इंजिनाचे काम ही दोन निरनिराळी कामे आहेत. सेल्फ इंजिनाला फक्त फिरवून देतो. त्यानंतर इंजिनाने स्वतःच्या इंधनावर पेट घ्यायचा असतो.

म्हणून निदानाचा पहिला प्रश्न "बॅटरी आहे का" हा नसून "चावी फिरवल्यावर इंजिन फिरते का" हा आहे. बोलताना आपण दोन्ही परिस्थितींना "स्टार्ट होत नाही" असेच म्हणतो, आणि तिथेच निम्मा गोंधळ होतो. इंजिन फिरतच नसेल तर पेट्रोल, स्पार्क प्लग आणि फिल्टर यांचा विचार करण्यात अर्थ नाही. ते व्यवस्थित जोमाने फिरत असेल तर बॅटरी आणि सेल्फ यांना त्या दिवसापुरते निर्दोष सोडून द्यावे.

चावी फिरवल्यावर काय ऐकू येते

इंजिन फिरत नसेल, तेव्हा कान हे सर्वात चांगले उपकरण ठरते. त्यासाठी सेल्फच्या आत काय घडते, ते थोडे समजून घ्यावे लागेल. चावीच्या स्विचमधून स्टार्टरला लागणारा प्रचंड प्रवाह जात नाही. तो गेला असता तर स्विच जळून गेला असता. चावी केवळ एका विद्युतचुंबकाला, म्हणजे सोलेनॉइडला, इशारा देते. सोलेनॉइडच्या आतला लोखंडी दट्ट्या खेचला जातो, तो एका काट्याने छोटे दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या दंडावरच्या जड चाकाच्या, दातेरी कड्यात अडकवतो, आणि प्रवासाच्या शेवटी एक तांब्याची चकती दोन जाड संपर्कांवर टेकवतो. त्या क्षणी बॅटरीचा खरा प्रवाह मोटरमध्ये शिरतो. दट्ट्याला ओढण्यासाठी एक वेटोळे असते आणि ओढलेल्या जागी धरून ठेवण्यासाठी दुसरे, कमी ताकदीचे.

आता "टक-टक-टक-टक" असा भराभर येणारा आवाज कुठून येतो, ते सहज कळेल. बॅटरीत दट्ट्या ओढण्यापुरती ताकद असते, म्हणून तो खेचला जातो. चकती टेकताच मोटर भरमसाट प्रवाह मागते आणि व्होल्टेज कोसळते. ते कोसळताच धरून ठेवणारे वेटोळे दुबळे पडते, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते, संपर्क तुटतो आणि मोटरची मागणी थांबते. मागणी थांबली की व्होल्टेज पुन्हा वर येते आणि दट्ट्या पुन्हा खेचला जातो. हे चक्र सेकंदात अनेकदा घडते, आणि त्याच तालावर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात. हा आवाज आला तर सेल्फ बदलण्याच्या गोष्टी कुणी करू लागल्यास त्याला थांबवावे, कारण दोष जवळजवळ नेहमीच उतरलेल्या बॅटरीत किंवा टर्मिनलच्या जोडणीत असतो.

एकच जोरदार "टक" येऊन पुढे शांतता पसरली, तर प्रकरण वेगळे असते. दट्ट्या खेचला गेला आणि टिकूनही राहिला, म्हणजे वीज बरीचशी ठीक आहे. पण मोटर फिरली नाही. सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क जळून झिजलेले असतील, मोटरमधले कार्बन ब्रश संपले असतील, किंवा इंजिनच अडकले असेल. कार्बन संपत आलेल्या सेल्फला पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकले तर तो एकदोनदा चालतो, ही युक्ती जुनी आणि खरी आहे. मात्र आजकालच्या अनेक सेल्फमध्ये आत कायमचुंबक चिकटवलेले असतात, आणि जोरात हातोडा घातला तर तेच तडकतात. तेव्हा हे काम टकटक करण्याइतपतच असावे, आणि गाडी चालू झाली तर ती घरी न नेता थेट गॅरेजला न्यावी.

तिसरा आवाज म्हणजे मोटर सुसाट फिरल्याची घरघर, पण इंजिन जागचे हलत नाही. अशा वेळी दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकत नसते, ज्याला मेकॅनिक "बेंडिक्स गेला" म्हणतात. हे घरी दुरुस्त होण्यासारखे नाही, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

उरते ती संपूर्ण शांतता. दिवे झळझळीत आहेत, चावी शेवटपर्यंत फिरवली, आणि टकही नाही. हा प्रकार सर्वात भीतिदायक वाटतो, पण अनेकदा त्याचे कारण अगदी क्षुल्लक असते. पुष्कळ नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फला इशाराच जात नाही. पायाखालची रबरी चटई दुमडून क्लचच्या मागे गेली असेल तर पेडल शेवटचा अर्धा इंच खाली जात नाही आणि गाडी गप्प बसते. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) या जागीच असावा लागतो, आणि पी मध्ये चालू न होणारी गाडी ब्रेक दाबून एन मध्ये नेल्यावर चालू झाली, तर गिअरच्या स्विचची जुळणी बिघडली आहे असे समजावे. बटणाने चालू होणाऱ्या गाडीत किल्लीतला सीआर २०३२ या जातीचा नाण्याएवढा सेल संपलेला असू शकतो. तशा वेळी बहुतेक गाड्यांत किल्ली थेट बटणाला टेकवून बटण दाबले, किंवा माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवली, की गाडी तिला ओळखते. पुस्तिकेतले ते एक पान अडचण येण्याआधीच वाचून ठेवलेले बरे.

चटई, गिअर आणि किल्ली निर्दोष ठरल्यावर फ्यूज आणि रिले, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारे विद्युतचुंबकी स्विच, पाहावेत. बोनेटखालच्या काळ्या डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांचा नकाशा असतो. स्टार्टरच्या रिलेवर बोट ठेवून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगितले, तर रिले खटकतो की नाही ते बोटाला कळते. तो खटकत नसेल, तर त्याच डबीतला अगदी तशाच क्रमांकाचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा किंवा पंख्याचा, काढून तिथे बसवून पाहता येतो. रिले खटकतो आणि सेल्फ तरीही शांत आहे, तर सेल्फपर्यंत जाणारी बारीक वायर सैल झाली आहे का ते पाहावे. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी इंजिनाजवळ येतात आणि वायरी कुरतडतात, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. कुरतडलेल्या वायरीचे लाल-पिवळे तुकडे इंजिनाच्या झाकणावर पडलेले दिसले तर तपास तिथेच संपतो.

दिव्यांनाच साक्षीला बोलावणे

दिवे खोटी साक्ष देतात असे वर म्हटले, पण त्यांना योग्य प्रश्न विचारला तर तेच खरे बोलतात. छताचा दिवा किंवा हेडलाइट लावून ठेवावेत, आणि चावी स्टार्टच्या जागी फिरवताना त्यांच्याकडे पाहावे. दिवा जवळजवळ विझला तर वीज मागितली जात आहे पण पुरवठा तोकडा आहे: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवा लख्ख तसाच राहिला तर मागणीच झालेली नाही: इशारा सेल्फपर्यंत पोहोचत नाही, किंवा सोलेनॉइडचे संपर्क जुळत नाहीत. दिवा बराच मंदावला, एकच टक आली आणि बॅटरी नुकतीच बदललेली आहे, तर मोटरला वीज मिळूनही ती अडून बसली आहे. ही चाचणी करायला दहा सेकंद लागतात आणि एकही हत्यार लागत नाही, तरी ती फारच थोडे लोक करतात. मात्र हेडलाइट आपोआप विझवणाऱ्या काही गाड्या आहेत. त्यांत छताच्या दिव्याकडेच पाहावे.

हाताशी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर मोजणारे छोटे उपकरण, असेल तर उत्तर आकड्यांत मिळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या खुंट्यांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली की ती रिकामी होत आली आहे. पण खरी परीक्षा सेल्फ मारतानाची असते. त्या वेळी आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दम धरत नाही. आकडा ११ च्या वर आहे आणि तरी इंजिन रडतखडत फिरते, तर वीज वाटेत कुठेतरी अडते आहे. अशा वेळी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. जोडणी चांगली असेल तर ०.२ किंवा ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. इथे दीड-दोन व्होल्ट दिसले, तर इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे. इंजिन रबराच्या उशांवर बसवलेले असल्यामुळे परतीची वीज याच पट्टीतून येते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही, आणि मग चांगली बॅटरी व चांगला सेल्फ दोन्ही बदलूनही गाडी तशीच राहते. मीटर नसेल तर जंपर केबलची (एका गाडीची वीज दुसरीला देण्यासाठी वापरतात त्या जाड तारांची) एक काळी दोरी ऋण खुंटीपासून इंजिनाच्या धातूपर्यंत तात्पुरती जोडून पाहावी. गाडी लगेच चालू झाली तर दोषी सापडला.

टर्मिनल साफ करण्याचे काम कुणालाही जमण्यासारखे आहे. खुंटीवर पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी साचलेली असेल तर आधी ऋण टर्मिनल काढावे, मग धन. जोडताना क्रम उलटा: धन आधी, ऋण शेवटी. या क्रमाला कारण आहे. गाडीचा सगळा सांगाडा ऋण खुंटीला जोडलेला असतो. ती जोडलेली असताना धन नटावर लावलेला पाना चुकून बॉडीला लागला तर जबरदस्त ठिणगी उडते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून ब्रशने घासले की भुकटी फेस होऊन निघून जाते. खुंटी आणि टर्मिनलचा आतला भाग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावा, नट घट्ट करावेत आणि वरून व्हॅसलीन लावावे. टर्मिनल हाताने पिळून पाहिले असता जरासेही फिरत असेल तर ते सैलच आहे.

इंजिन फिरते, पण पकडत नाही

आता दुसरी शाखा. सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन पेट घेत नाही. पेट्रोल इंजिनाला योग्य वेळी इंधन, हवा, दाब आणि ठिणगी मिळावी लागते. यांतले काय हरवले ते शोधायचे असते. चावी पहिल्यांदा "ऑन" केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद "झूं" असा मंद आवाज येतो, तो टाकीतल्या पंपाचा असतो. खिडक्या बंद करून, रेडिओ बंद ठेवून तो ऐकावा. तो येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावेत. काही गाड्यांत अपघातानंतर आग लागू नये म्हणून धक्का बसताच पंप बंद करणारा स्विच असतो, आणि मोठ्या खड्ड्यात गाडी आपटल्यावरही तो उडू शकतो. आपल्या रस्त्यांवर ही शक्यता अगदीच काल्पनिक नाही.

सीएनजी वापरणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन थोडे गरम झाल्यावर गॅसवर जातात. मुंबई-पुण्यात गॅस स्वस्त पडतो म्हणून पेट्रोलची टाकी महिनोन् महिने तळाला ठेवण्याची सवय अनेकांना असते. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून राहिल्यानेच थंड राहतो. तो कोरडा फिरत राहिला की जळतो, आणि मग सिलिंडर गच्च भरलेला असूनही गाडी सकाळी चालू होत नाही. पाव टाकी पेट्रोल ठेवण्याचा खर्च पंपाच्या खर्चापुढे काहीच नाही.

लांबच्या प्रवासात चहाला थांबलेली गाडी गरम असताना चालू होत नाही आणि अर्ध्या तासाने निमूटपणे चालू होते, असा अनुभव असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. इंजिनाचा दंड कुठल्या कोनात आहे हे हा सेन्सर संगणकाला सांगतो. त्याचा संदेश आला नाही तर संगणक ठिणगीही देत नाही आणि इंधनही सोडत नाही. उष्णतेने त्याच्या आतली बारीक तार तुटते व थंड झाल्यावर पुन्हा जुळते. सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा किंचितही हलत नसेल, तर पुष्कळ गाड्यांत तो याच सेन्सरकडे बोट दाखवत असतो.

डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेने, किल्ली ओळखलेली नाही. काही गाड्या अशा वेळी सेल्फच मारू देत नाहीत, काही एक-दोन सेकंद चालू होऊन बंद पडतात. घरातली दुसरी किल्ली वापरून पाहावी; जुडग्यातल्या इतर गाड्यांच्या किल्ल्या बाजूला काढाव्यात, कारण दोन चिपा जवळ आल्या की त्या वाचणाऱ्या यंत्रणेचा गोंधळ होऊ शकतो. वारंवार प्रयत्नांनी पेट्रोल जास्त झाले आणि वास येऊ लागला, तर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास संगणक इंधन तोडतो आणि जादा पेट्रोल बाहेर पडते. सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून जास्त मारू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे. इंजिन नेहमीपेक्षा हलके, सरळ सुरात, कुठलाही ठेका न धरता फिरत असेल तर लगेच थांबावे: व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवणारा टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे, आणि पुढचा प्रत्येक झटका व्हॉल्व्हच्या जिवावर बेततो.

डिझेलची गोष्ट निराळी आहे. तिथे ठिणगी नसते. दाबाने तापलेली हवाच डिझेल पेटवते. म्हणून सेल्फ हळू फिरला तरी डिझेल गाडी चालू होत नाही, आणि थंडीत वेटोळ्याच्या आकाराचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागते. फिल्टरमध्ये साचलेले पाणी आणि नळीत शिरलेली हवा ही तिथली नेहमीची कारणे आहेत.

एका परिस्थितीत मात्र कुठलीच चाचणी करायची नाही. गाडी पाण्यात बंद पडली असेल, किंवा रात्रभर पाण्यात उभी राहिली असेल, तर दिवे लागत असले तरी चावीला हात लावू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टनला वर यायला जागा उरत नाही, आणि सेल्फ नुसता एक टक करून अडला तर ते नशीब. जोर लागला तर पिस्टनला इंजिनाच्या दंडाशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी ओसरल्यावर पहिला विचार चावी फिरवण्याचाच आला असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. अशी गाडी टो करून न्यावी आणि प्लग काढून पाणी बाहेर घालवल्यावरच इंजिन फिरवावे. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

चालू करणे आणि त्यानंतर

बॅटरी उतरली आहे एवढे नक्की झाले, तर दुसऱ्या गाडीवरून जंप देता येतो. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन खुंटीला, मग चांगल्या बॅटरीच्या धन खुंटीला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण खुंटीला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडतेच, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून हे अंतर राखायचे. फुगलेल्या किंवा तडा गेलेल्या बॅटरीला जंप देऊ नये.

हाताच्या गिअरची गाडी धक्का मारूनही चालू होते, आणि गंमत अशी की दिवे लागत असणे ही गोष्ट इथे खरोखर उपयोगी पडते: पंप, संगणक आणि ठिणगी यांना लागणारी थोडी वीज शिल्लक असते, फक्त फिरवण्याचे काम माणसे करतात. चावी ऑन, गिअर दुसरा, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टीअरिंग जड लागतात, म्हणून उतारावर एकट्याने हा प्रयोग नको. इंजिन फिरते पण पकडत नाही अशा गाडीला मात्र धक्का मारण्यात काही हशील नाही; न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन त्याचे नुकसान करते.

गाडी चालू झाल्यावर बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर लावावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे वीजजनित्र, बॅटरी भरतो आहे. १२.४ दिसून आकडा हळूहळू खाली सरकत असेल तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल. बॅटरीचे वयही पाहावे: आपल्या हवेत तीन-चार वर्षे हे सर्वसाधारण आयुष्य आहे. बॅटरी थंडीने मरते असा समज आहे. वस्तुतः विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उष्णतेने तिच्या आतल्या पट्ट्या गंजतात आणि पाणी उडते. डिसेंबरच्या पहिल्या गारठ्यात तेल घट्ट होते, बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावते, आणि मेमध्ये झालेली इजा तेव्हा कुठे उघडकीस येते.

बॅटरी नवी, अल्टरनेटर ठीक, आणि तरी गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ रडतो, असे होत असेल तर उभ्या गाडीतही कुणीतरी वीज पीत आहे. घड्याळ, अलार्म आणि संगणक मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेणे साहजिक आहे. दिवसाला त्याचे १.२ अँपिअर-तास होतात, आणि लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यावर तीन आठवडे तरी तग धरते. प्रवाह अर्धा अँपिअर झाला तर तीच बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते. संशयितांत बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकर आघाडीवर असतात. मल्टिमीटर ऋण खुंटी आणि तिच्यावरून काढलेली केबल यांच्यामध्ये प्रवाह मोजण्याच्या दहा अँपिअरच्या जागी जोडावा, गाडीतला संगणक झोपी जाईपर्यंत वीस-तीस मिनिटे थांबावे, आणि मग एकेक फ्यूज उपसून आकडा कधी घसरतो ते पाहावे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारण्याचा मोह टाळावा, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडेल. हा सगळा खटाटोप करण्यापूर्वी डिकीतला दिवा तपासावा; झाकण बंद झाल्यावर तो विझतो की नाही, हे बाहेरून कळत नाही. मोबाइलवर व्हिडिओचे चित्रीकरण सुरू करून तो डिकीत ठेवावा, झाकण लावावे, आणि मिनिटभराने बाहेर काढून पडद्यावर अंधार झाला होता का ते पाहावे.